निळा घेऊ की काळा?

"मॅडम, या दोनांतला कुठला घेऊ?"

हे वाक्य दिवसातून किमान तीस वेळा माझ्या कानावर पडतं. घरी गेल्यावर नवऱ्याने मेथीची आणि पालकाची जुडी पुढे करून "यातली कुठली करतेस?" असं विचारलं तरी माझं टाळकं सटकतं. या दिवाळी अंकाच्या संपादकबाई आमच्याच कॉलनीत राहतात. त्या म्हणाल्या, "वैशाली, तू इतकी वर्षं मोबाइलच्या दुकानात काउंटरवर आहेस, तुझे अनुभव लिही की." मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे अनुभव नाहीत, नुसता वैताग आहे." त्या म्हणाल्या, "मग वैताग लिही."

तर हा घ्या.

आमचं दुकान नाशिक रोडला. मी तिथे बावीस वर्षं आहे. आले तेव्हा फोनला बटणं होती, आत एक सापाचा खेळ होता आणि गिऱ्हाईक एवढंच विचारायचं, "रेंज येते ना?" येते म्हटलं की पिशवीत टाकून जायचं. काय सुखाचे दिवस होते! तेव्हा एकच ताप होता. माणसं आत यायची, मला बघायची आणि म्हणायची, "कोणी जेन्ट्स नाही का दुकानात?" एकदा मी चिडून शटरजवळच्या वॉचमनला बोलावलं आणि म्हटलं, "हे घ्या जेन्ट्स. विचारा काय विचारायचं ते." शेठ माझ्यावर रागावले, पण त्या माणसाने फोन माझ्याकडूनच घेतला.

आता जेन्ट्स कोणी मागत नाही. आता लोक घरून सगळं बघून येतात. मोबाइलवर मोबाइलचे व्हिडिओ बघतात. कुणीतरी पोरगा हातवारे करून सांगतो की अमुक फोनचा प्रोसेसर असा आणि तमुकाचा तसा, आणि हे लोक येऊन ते मला परत ऐकवतात. ज्यांना प्रोसेसर म्हणजे काय हे माहीत नाही ते जास्त जोरात ऐकवतात. पंधरा-वीस हजारांच्या टप्प्यात तर हा रोग फार. स्वस्तातला फोन घेणारा पटकन घेतो, कारण त्याला निवड नसते. लाखाचा घेणाराही पटकन घेतो, कारण त्याला दाखवायचा असतो. मधला माणूस मात्र दोन फोन पुढ्यात ठेवून बसतो आणि उठत नाही.

नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. आलेखाच्या कागदावर रेघा मारून दोन फोनांचे रकाने केलेले, प्रत्येक गुणाला दहापैकी मार्क. बॅटरीला साडेसात, वजनाला सहा. सलग अकरा दिवस आले. मी त्यांना चहा पाजला, पंख्याखालची खुर्ची दिली, दोन्ही फोन तराजूत ठेवून वजन करून दाखवलं. तराजू शेजारच्या किराणावाल्याकडून आणला. अकराव्या दिवशी पेढे घेऊन आले. म्हणाले, "घेतला हो मॅडम! ऑनलाइन. तुमच्यामुळे निर्णय सोपा झाला." मी तो पेढा खाल्ला. काय करणार? तोंडात दुसरं जे येत होतं ते बाहेर काढण्यासारखं नव्हतं.

उलट नामपूरकडचे एक म्हातारबाबा आले होते, कांद्याच्या गाडीबरोबर. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, कोनता फोनना आवाज मोठा शे?" मी दोन फोन काढले. बाबा रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले आणि हात वर केला. मी आळीपाळीने दोन्ही फोन वाजवले. मधून रिक्षा, बस, सगळं चाललेलं. दुसऱ्या फोनला त्यांनी मान डोलावली, परत रस्ता ओलांडून आले, म्हणाले, "हाऊच दे." पाच मिनिटांत काम खलास. ट्रॅक्टर चालू असताना भावाचा फोन ऐकू आला पाहिजे, बास! आपल्याला काय पाहिजे हे माहीत असलेलं गिऱ्हाईक आलं की मला ओवाळावंसं वाटतं.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून आमच्या धंद्याचं थोडं सांगते. काउंटरवर जो फोन तुमच्या हातात देतो तो डेमो. तो विकायचा नसतो, दाखवायचा असतो. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की घर जसं आवरतात, तसा आम्ही तो रोज सकाळी आवरतो. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवायचा. मागचं चित्र भडक लावायचं. दुकानात दिवे इतके की रात्री उपाशी माणूससुद्धा त्यात तुकतुकीत दिसेल. आणि शेवटचं, ब्यूटीचं बटण. ते चालू केलं की फोन फोटोतला चेहरा आपोआप गुळगुळीत करतो, डाग पुसतो, रंग दोन-तीन छटांनी उजळवतो. आम्ही ते शेवटपर्यंत सरकवून ठेवतो. गिऱ्हाइकाने स्वतःचा फोटो काढला की त्याला वाटतं, वा, काय कॅमेरा आहे! कॅमेरा कसला, बटण आहे ते. मेगापिक्सेलचंही तेच. मेगापिक्सेल म्हणजे पातेलं किती मोठं. आमटी कशी होणार हे पातेलं सांगत नाही. पण आकडा मोठा दिसला की माणूस भुलतो.

आणि नवा फोन विकल्यावर आम्ही तो चालू करून देतो तेव्हा तेच बटण त्यातही दाबून देतो. नाहीतर माणूस घरी जाऊन फोटो काढतो, त्यात त्याचा रोजचा चेहरा दिसतो आणि तो दुसऱ्या दिवशी दारात उभा: "तुमचा कॅमेरा खराब निघाला." ही युक्ती दुकानात मीच आणली. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मीच शिकवली. मला तिचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

आता मंदाताईंचं सांगते. गेल्या वर्षी दिवाळीच्या महिनाभर आधी त्या आल्या. वणीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे, तिथल्या अंगणवाडीच्या सेविका. वय पन्नाशीच्या पुढे, उन्हाने रापलेला चेहरा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत चाळीस पानी वही. वही दिसली आणि मला आलेखाचे गृहस्थ आठवले.

"म्याडम, आम्ही नऊ गावच्या नऊ जणी," त्यांनी सांगितलं. "जुने फोन दमलेत. भिशीतून नऊ फोन घ्यायचेत. समद्या आल्या तर गलबला व्हतो, म्हनून माझ्यावर टाकलंय. मी बघायचं, मी ठरवायचं, तोच समद्यांनी घ्यायचा."

नऊ फोन! माझे कान टवकारले. कारण त्या महिन्यात एका कंपनीची स्कीम होती: तिचे दहा फोन विकले की विकणाऱ्याला एअर फ्रायर. एक मी विकून बसले होते. राहिले किती? नऊ. देवानेच धाडल्यासारखी ही बाई, असं मला वाटलं.

कंपन्यांची नावं मी इथे लिहिणार नाही. स्कीमवाला फोन निळ्या खोक्यातला होता, त्याला निळा म्हणू. दुसरा काळ्या खोक्यातला. किंमत जवळपास सारखीच. निळ्याचा आकडा मोठा, पाठ चकचकीत, फोटो सुंदर. काळा दिसायला अगदी शाळेच्या पाटीसारखा, पण बॅटरी दोन दिवस टिकायची आणि उन्हात पडदा स्वच्छ दिसायचा.

मंदाताईंनी वही उघडली. त्यात सतरा प्रश्न होते आणि प्रत्येक प्रश्नापुढे तो कुणाचा ते नाव.

"हिराबाईचा परश्न. पान्याच्या हांड्यात पडला तं?"

"काढायचा, पुसायचा आणि माझ्याकडे आणायचा."

त्यांनी तेही लिहून घेतलं. "सुनंदाचा. बोटाला पीठ असंल तं उघडतो का?"

अहो, मी खरंच पीठ मागवलं. शेजारच्या किराणावाल्याला आता माझी सवय झाली आहे. दोन्ही फोनांनी पिठाचं बोट ओळखलं नाही. मंदाताईंनी दोन्ही रकान्यांत फुली मारली. असे एकेक करत सतरा. पाठीमागे गिऱ्हाइकांची रांग, शेठ लांबून डोळे वटारतायत आणि ही बाई शांतपणे टोपण लावते, टोपण काढते, लिहिते.

सतरावा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. "म्याडम, फोटोत मानूस हाय तसं दिसतं ना?"

मी निळा उचलला आणि छाती काढून सांगितलं, "ताई, आहे त्याच्यापेक्षा छान दिसतं!"

त्यांनी मान हलवून तेही लिहून घेतलं. हा प्रश्न त्यांनी का विचारला हे मी विचारलं नाही. मला तेव्हा फक्त रांग दिसत होती आणि एअर फ्रायर.

आठवड्याने परत आल्या. या वेळी त्यांनी मला भर दुपारी दुकानाबाहेर उन्हात उभं केलं. "तुमच्या दुकानात उजेड लय हाय, म्याडम. आम्ही बाहेर हिंडतो." दोन्ही फोन उन्हात धरले. निळ्यावर काहीच दिसेना. काळ्यावर अक्षर न् अक्षर दिसलं. मग आत येऊन घड्याळ लावून चार्जिंग बघितलं. काळा पुढे. वहीत काळ्याच्या रकान्यात बरोबरच्या खुणा वाढत चालल्या आणि माझा जीव खालीवर. मला कळत होतं की या बाईला काळाच योग्य आहे. पण मी तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या खेपेला त्या ठरवूनच आल्या होत्या. "काळा द्या म्हनते मी."

तेव्हा मी ते केलं. निळा डेमो उचलला, म्हटलं, "ताई, जाता जाता एक फोटो तर काढून बघा तुमचा." काढला. दाखवला.

मंदाताई त्या फोटोकडे बघतच राहिल्या. सुरकुती नाही, डाग नाही, रंग उजळलेला. त्यांनी पदर नीट केला, जणू फोटोतल्या बाईला तो नीट दिसेल. मग हसल्या. "बया! ही तं माझी धाकटी बहीन हाय." तो फोटो मी त्यांच्या जुन्या फोनवर पाठवला, त्यांनी तो नऊ जणींच्या गटावर टाकला आणि पाचव्या मिनिटाला फोन टणटणायला लागला. मंदाताई काय दिसते! अगं, हाच घ्या! हिराबाई निळा, सुनंदा निळा, आठच्या आठ जणी निळा.

त्या वही उघडून बसल्या. काळ्याच्या रकान्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "कामाला काळा बरा व्हता. तुमचं काय म्हननं, म्याडम?"

मी म्हटलं, "आठ जणींचं मन मोडू नका, ताई. निळा घ्या."

नऊ निळे गेले. मी स्वतः बसून नऊच्या नऊ चालू करून दिले, जुने नंबर भरले, जिच्या तिच्या देवाचं चित्र लावलं आणि सवयीने नवांमध्येही ब्यूटीचं बटण शेवटपर्यंत सरकवलं. सेवा म्हणून! आठ दिवसांनी एअर फ्रायर घरी आला.

आणि त्याच आठवड्यात मंदाताईंचा फोन आला. "म्याडम, फोटो जुळत नाय."

तेव्हा मला कळलं की त्या फोटोवर काय काय अवलंबून आहे. अंगणवाडीतून गरोदर आणि बाळंत बायांना घरी न्यायला आहाराची पाकिटं मिळतात. बाई पाकीट घ्यायला आली की सेविका फोनवर तिचा चेहरा टिपते, आणि आधी नोंदवलेल्या चेहऱ्याशी तो जुळला तर हिरवी खूण येते. जुळला नाही तर लाल. लाल आली की पाकीट देता येत नाही. चेहरे जुन्या फोनवर नोंदवलेले होते, नव्या फोनवर ते जुळेनासे झाले होते.

मी काय केलं असेल? दुकानदार जे करतात तेच. "बंद करून चालू करा, ताई." दुसऱ्या दिवशी, "नेटवर्क नसेल हो तुमच्याकडे." तिसऱ्या दिवशी, "अपडेट आलं असेल, ते टाका." मनात म्हणत होते, सतरा प्रश्न विचारलेस, आता घे अठरावा! लाज वाटते लिहायला, पण हेच म्हणत होते.

चौथ्या दिवशी त्या स्वतः आल्या. एसटी बदलत बदलत, दुपारी दीड वाजता. उभ्या उभ्याच त्यांनी फोन पुढे केला. त्यावर एकाच बाईचे दोन फोटो होते. "ही सोनाली. आठवा लागलाय. दोनदा चालत आली नि दोनदा रिकामी गेली."

जुन्या फोटोतली सोनाली काळीसावळी, दोन्ही गालांवर गरोदरपणातल्या वांगाचे डाग, डोळ्यांखाली काळं. नव्या फोटोत डाग गायब, गाल पिठाच्या गोळ्यासारखे, रंग भलताच. आईलासुद्धा ओळखता आली नसती, मग मशीन कुठून ओळखणार?

मला एका क्षणात कळलं. त्या मॉडेलमध्ये ते बटण एकदा दाबलं की कुठल्याही कामासाठी चेहरा टिपला तरी तो उजळूनच निघतो. आणि बटण दाबणारी मी.

"माझं नाव गेलं, म्याडम," मंदाताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "नऊ गावांत पाकिटं पडून हायेत. काहींचं जुळतं, काहींचं नाय. आठ जणी म्हनत्यात, मंदाला काय कळतंय फोनातलं, उगंच तिच्यावर टाकलं. बाया म्हनत्यात, सेविका पाकिटं खाती. चोवीस वर्सं झाली मला. आजपातुर कुनी असं बोललं नव्हतं."

खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं? "सेटिंगचा प्रॉब्लेम आहे, ताई." सेटिंगचा! जणू ते सेटिंग आभाळातून पडलं होतं. मी त्यांच्या फोनमधलं बटण बंद करून दिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मला वाटत होतं माझ्या कपाळावरच सगळं लिहिलेलं आहे. त्यांनी फक्त विचारलं, "बाकीच्या आठांचं?"

आठ फोन आठ गावांत. मी म्हटलं, फोनवर सांगते. अहो, सांगून बघा एकदा तुम्ही!

"हिराबाई, वर उजवीकडे चाक दिसतंय का?"

"कसलं चाक?"

"दात्यांचं चाक हो, छोटं."

"हितं काय चाकबिक नाय. गनपती हाय."

"गणपतीच्या वर बघा."

"वरती घड्याळ हाय. तीन वाजून धा झालेत."

अर्धा तास गेला. शेवटी हिराबाईंनी फोनची भाषाच बदलून टाकली, आता त्यांना फोन उचलता येईना. सुनंदाने तर रागाने फोनच ठेवला. मी काउंटरवर डोकं टेकून बसले. शेठ म्हणाले, "विकलेल्या मालाच्या मागे कशाला धावतेस? धंद्यात असं चालतंच." मी म्हटलं, "शेठ, उद्या मी रजेवर आहे." कारण विचारलं नाही त्यांनी. माझा चेहरा बघून विचारायची हिंमत झाली नसावी.

सकाळच्या गाडीने वणी, तिथून जीपने पुढे. मंदाताईंनी आठही जणींना आपल्याच अंगणवाडीत बोलावून घेतलं होतं. एका खोलीची अंगणवाडी, भिंतीवर फळांची चित्रं, एक खिडकी आणि आत बेताचाच उजेड. आठ बाया सतरंजीवर बसलेल्या. मी आत गेल्यावर कुणी हसलं नाही, की या म्हटलं नाही. एकीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला तेवढाच.

मी सतरंजीवर बसले आणि एकेक फोन हातात घेतला. बटण बंद. पुढचा. बटण बंद. हिराबाईंच्या फोनची भाषा आधी परत आणली. पाचव्या फोनला सुनंदा मला निरखत म्हणाली, "येवढंच व्हतं? बटन?"

"एवढंच."

"मंग ते चालू कुनी केलं?"

बाहेर कुठेतरी कोंबडी ओरडत होती. मी मंदाताईंकडे बघितलं. त्या पाकिटांचा ढीग नीट लावत होत्या, माझ्याकडे पाठ करून. आता "कंपनीकडूनच तसं येतं" म्हटलं असतं तर खपलं असतं. कुणाला कळणार होतं?

"मी केलं," मी म्हटलं. "चेहरा छान दिसला की माणूस फोन घेतो, म्हणून आम्ही करतो. मंदाताईंना काळाच पाहिजे होता. त्यांचं बरोबर होतं. मी निळा गळ्यात मारला, कारण त्याच्यावर मला बक्षीस होतं."

"काय बक्षीस?" हिराबाईंनी विचारलं.

मेले मी! "एअर फ्रायर," म्हटलं.

"त्ये काय असतं?"

"बिनतेलाचं तळायचं यंत्र."

"बिनतेलाचं काय तळतं कुनी?" हिराबाई म्हणाल्या, आणि सुनंदा आधी हसली, मग सगळ्याच हसायला लागल्या. मी नाही हसले. मला रडू येत होतं.

तेवढ्यात सोनाली आली. पोट पुढे, घाम निथळलेला, दम लागलेला. ती दाराशीच थांबली. "आज तरी मिळंल का, का परत चालवताय मला?" मंदाताईंनी तिला खिडकीजवळ उभं केलं आणि फोन तिच्या चेहऱ्यापुढे धरला. पडद्यावर गोल फिरायला लागलं. मी आयुष्यात हजारो फोन चालू होताना पाहिलेत, पण असं टक लावून कुठल्या गोलाकडे कधी बघितलं नव्हतं. नऊ जणी मान उंचावून बघत होत्या.

हिरवी खूण आली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मंदाताईंनी पाकिटं मोजून सोनालीच्या पिशवीत भरली आणि तिला बसवून पाणी दिलं. सोनाली फोनमध्ये वाकून आपला फोटो बघत म्हणाली, "आज वांग दिसतंय व्हय!" मग सगळ्यांकडे वळली. "परवा त्यात कोन टवळी व्हती गं?"

सगळ्यांत तरुण सेविका हळूच माझ्याजवळ सरकली. "म्याडम, आपल्या स्वतःच्या फोटोपुरतं ते बटन चालू ठेवता येतं का?" मी तिला चालू करायला आणि बंद करायला, दोन्ही शिकवलं. मग बाकीच्याही सरकल्या. सगळ्यांनाच शिकायचं होतं. त्यात तासभर गेला, आणि हिराबाईंना तरीही चाक सापडलं नाही.

निघताना मंदाताईंनी पिशवीतून ती वही काढली. शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. सतरावा प्रश्न. "फोटोत माणूस आहे तसं दिसतं का?" आणि पुढे त्यांच्या सावकाश, गोल अक्षरात: "त्याच्यापेक्षा छान. वैशाली म्याडम."

त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. नेमकं तेच विचारलं होतं.

मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि ती ओळ खोडायला वाकले. त्यांनी माझा हात धरला. "खोडू नका. खाली लिवा. पुढं कुनी फोन घ्यायला गेली तं तिला दोन्ही दिसू दे."

मी लिहिलं, "बटण बंद केलं तर आहे तसं दिसतं. बटण मी चालू केलं होतं." खाली नाव घातलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. वही मिटली नाही. म्हणाल्या, "त्यो काळा अजून मिळतो का? माझ्या पोरीला घ्यायचाय."

"तो बंद झाला, ताई. गेल्याच आठवड्यात. त्याच्या जागी आता दोन नवे आलेत."

"दोन?" त्या म्हणाल्या, आणि पान उलटून त्यांनी मधोमध एक उभी रेघ मारली.